कोलंबो चषक आणि चार शेजारी

१९४७ आणि १९४८ या दोन वर्षांत भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन हे चारही देश इंग्रजी अमलांतून मुक्त झाले. स्वातंत्र्याबरोबर कांहीं सरहद्दी पुसल्या गेल्या, कांहीं नव्यानें आंखल्या गेल्या. वऱ्हाडांतील वाशीम सोडून हिंगोलीच्या वाटेस लागणाऱ्या प्रवाशास पूर्वीं निजामी राज्याची हद्द ओलांडावी लागे. १९४८ सालीं तें राज्य भारतांत सामील झालें. पंजाब आणि बंगाल हे प्रांत मात्र त्यापूर्वींच दुभंगले होते. कालचे घरचे आज परके ठरले होते.

अशा काळांत, १९५२ च्या मार्च महिन्यांत, या चार राष्ट्रांचे फुटबॉल संघ कोलंबो येथें एकत्र आले. प्रत्येकानें उरलेल्या तिघांशीं एकेक सामना खेळावयाचा आणि गुणांवर निकाल लावावयाचा, अशी या स्पर्धेची रीत होती. भारताचा संघ कच्चा नव्हता. आदल्याच वर्षीं दिल्लीच्या आशियाई सामन्यांत इराणला एका गोलानें हरवून त्यानें सुवर्णपदक मिळविलें होतें. त्या काळच्या भारतीय संघाला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, म्हणजे त्या पुसल्या गेलेल्या हद्दीपलीकडचे होते.

फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तान यांचे फुटबॉल संघ प्रथम समोरासमोर आले ते याच स्पर्धेंत. निर्वासितांच्या जखमा अद्याप ओल्या होत्या. सामना गोलशून्य बरोबरींत सुटला. अखेरीस दोघांचे गुणही समान भरले आणि विजेतेपद दोघांत वांटलें गेलें. पांच वर्षांपूर्वींची वांटणी रक्तपातांत झाली होती. ही पंचाच्या शिटीवर झाली.

पुढें १९५३ सालीं रंगून, १९५४ सालीं कलकत्ता आणि १९५५ सालीं ढाका येथें स्पर्धा भरली. तिन्ही वेळां भारत एकटाच विजेता ठरला. चौघांनाही यजमानपणाचा मान एकेकदां मिळाला आणि स्पर्धा तेथेंच थांबली.

त्या १९५५ सालीं ढाका पाकिस्तानांत होतें आणि गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यांत. १९६१ सालीं गोवा मुक्त झाला, १९७१ सालीं बांगलादेश जन्मास आला. पुढें १९९९ सालीं त्याच गोव्यांत, मडगांवास, दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा भरली तेव्हां अंतिम सामन्यांत भारतासमोर उभा होता तो बांगलादेश! भारतानें तो सामना दोन गोलांनीं जिंकला. त्यांतील एक गोल गोव्याच्याच ब्रूनो कुतिन्हो यांचा होता. ब्रह्मदेश मात्र या नव्या मेळाव्यांत नव्हता.

त्या स्पर्धेस पाकिस्तानचा संघही आला होता. आणि त्याच मे महिन्यांत कारगिलचा संघर्ष पेटला. चेंडू युद्ध थांबवूं शकत नाहीं, हें यावरून उघड आहे. तथापि चार नव्या राष्ट्रांनीं आळीपाळीनें एकमेकांच्या अंगणांत जावें, एकच नियम पाळावा आणि हार-जीत मान्य करून घरीं परतावें, एवढें त्या चार वर्षांत घडलें. शेजारधर्माच्या इतिहासांत या गोष्टीची नोंद अवश्य असावी.