विशेषणामागचे क्रियापद: वऱ्हाडातील इंग्रजी व्याकरणाचे एक प्रकरण

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात इंग्रजी ही पुष्कळ मुलांची तिसरी, तर काहींची चौथी भाषा असते; बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र असलेल्या पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांत घरी गोरबोली म्हणजे बंजारी, बाजारात वऱ्हाडी आणि वर्गात प्रमाण मराठी असा क्रम लागतो आणि इंग्रजी त्यावर येऊन बसते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात वऱ्हाडीची नोंद 1905 साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात, तर बंजारीची 1907 च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आढळते. वऱ्हाडीत 'ला' या प्रत्ययाच्या जागी 'ले' येतो, म्हणून प्रमाण मराठीतील 'वाचायला' हे रूप तेथे 'वाचाले' असे होते. 'हे पुस्तक वाचाले सोपं आहे' आणि 'पोरगी वाचाले उत्सुक आहे' या दोन्ही वाक्यांत ते सारखेच दिसते, मात्र पहिल्या वाक्यातील पुस्तक हे वाचनाचे कर्म आहे आणि दुसऱ्या वाक्यातील पोरगी ही त्याची कर्ती.

इंग्रजीतही दोन्हीकडे 'टू रीड' असेच येते, पण नियम निराळा आहे. 'द बुक इज ईझी टू रीड' या वाक्यात वाचायची वस्तू उद्देश्यस्थानी आधीच आलेली असल्यामुळे 'रीड'च्या पुढे 'इट' जोडल्यास वाक्य बिघडते. उलट 'शी इज ईगर टू रीड' या वाक्यात उद्देश्यस्थान कर्त्याचे असल्यामुळे विशिष्ट पुस्तक अभिप्रेत असेल तर 'इट' घालावाच लागतो. सोपे, अवघड, अशक्य अशा अर्थाची विशेषणे पहिल्या गटात पडतात आणि उत्सुक, राजी, अधीर अशी दुसऱ्या गटात. 'रेडी' हे विशेषण दोन्हीकडे बसते, जसे मराठीत भाकरीही 'खायला तयार' असते आणि भुकेला मुलगाही.

हा भेद भारतीय व्याकरणपरंपरेला अनोळखी नव्हता, किंबहुना तिने तो इंग्रजीपेक्षा अधिक उघडपणे रूपांत उतरवला होता. संस्कृतात 'करण्यासाठी' अशा अर्थाचे 'कर्तुम्' हे रूप ज्या प्रत्ययाने बनते त्याला 'तुमुन्' म्हणतात, आणि इच्छार्थक धातूंच्या जोडीने तो येतो तेव्हा दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असावा, अशी अट पाणिनीने घातली आहे. सुलभता किंवा कष्ट दाखवण्यासाठी मात्र 'खल्' हा वेगळा प्रत्यय असून तो 'सु', 'दुस्' आणि 'ईषत्' या शब्दांसोबत येतो व सकर्मक धातूच्या बाबतीत कर्त्याकडे नव्हे, तर कर्माकडे निर्देश करतो. सुकर, दुष्कर, सुलभ, दुर्लभ हे मराठीने उचललेले शब्द त्याच घडणीचे आहेत. मराठीत हे दोन मार्ग पुढे 'करावयास' आणि 'करायला' अशा एकाच रूपात मिसळले, आणि भेद ओळखण्याचे काम विशेषणाच्या अर्थावर सोपवले गेले.

इंग्रजी अमदानीत व्याकरण शिकवण्याचा नवा साचा आला तो याच बिंदूवर अपुरा पडला. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 साली बंगालमधील श्रीरामपूरहून निघाले आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 1836 साली; दादोबांच्या मांडणीवर लिंडले मरे यांच्या 1795 च्या इंग्रजी व्याकरणाची छाप होती. मरे यांनी 'टू रीड'सारखे क्रियापदाचे रूप विशेषणावरही अवलंबून असते, असे सांगितले खरे, परंतु त्याचे कर्म कोठे गाळावे आणि कोठे ठेवावे याची चर्चा त्यांच्या पद्धतीत बसणारी नव्हती. 1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आल्यावर हीच विद्या अकोला-अमरावतीच्या सरकारी शाळांत पोहोचली. शेक्सपिअरच्या 'सिंबेलिन'वरून 'तारा' हे नाटक रचणारे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे अभ्यासक वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात होते. सामान्य विद्यार्थ्याच्या हाती मात्र तर्खडकर भाषांतर पाठमाला होती आणि तिचा मार्ग वाक्यास वाक्य जुळवण्याचा होता.

वाक्यास वाक्य जुळवताना 'वाचायला सोपे' बिनतक्रार जुळते, म्हणून वऱ्हाडी विद्यार्थ्याची चूक तेथे क्वचितच होते. अडचण दुसऱ्या गटात येते, कारण संदर्भाने कळणारे कर्म मराठी सहज गाळते आणि 'पुस्तक आलं, ती वाचायला उत्सुक आहे' एवढ्याने तिचे भागते. त्यामुळे इंग्रजीतील 'इट' हातून निसटतो. याहून अवघड जागा शब्दयोगी अव्ययांची आहे. 'ही खुर्ची बसायला आरामशीर आहे' या मराठी वाक्यात 'वर' किंवा 'त' कोठेच नाही, तरी इंग्रजी वाक्याच्या शेवटी 'सिट'च्या मागून 'इन' किंवा 'ऑन' यावाच लागतो. 'तो बोलायला चांगला आहे' याचा अर्थ तो चांगले बोलतो असा होतो, त्याच्याशी बोलणे सुखाचे असते असा होत नाही. तो अर्थ इंग्रजी केवळ शेवटच्या 'टू'च्या बळावर व्यक्त करते. पाठमालेची जुळवणूक येथे हात टेकते, आणि व्याकरणाचे अध्यापन केवळ भाषांतरावर उभे करण्यातला दोषही येथेच स्पष्ट होतो.

युरोप-अमेरिकेतील भाषाविज्ञानाने या भेदाला मध्यवर्ती स्थान दिले ते बऱ्याच उशिरा. नोम चॉम्स्की यांनी 1964 च्या पुस्तकात 'जॉन इज ईझी टू प्लीज' आणि 'जॉन इज ईगर टू प्लीज' ही जोडी मांडली, आणि बाह्य रचना सारखी असूनही आतील संबंध उलटे असू शकतात, हे त्यातून दाखवले. त्यांच्या पत्नी कॅरोल चॉम्स्की यांनी 1969 साली पाच ते दहा वर्षे वयाच्या इंग्रजीभाषक मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी डोळे बांधलेली बाहुली दाखवून ती 'दिसायला सोपी की अवघड' असे विचारले, तेव्हा लहान मुलांपैकी अनेकांनी अवघड म्हटले. बाहुलीलाच काही दिसत नाही, असे त्यांनी धरले होते. म्हणजे जन्मभाषा इंग्रजी असलेल्या मुलालाही कर्ता आणि कर्म वेगळे काढण्यास काही वर्षे लागतात. महाराष्ट्र शासनाने 2000 साली इंग्रजी हा विषय पहिलीपासून लागू केला, तेव्हा मानोऱ्याच्या वर्गांत तो ज्या वयाच्या मुलांपुढे ठेवला गेला ते वय हेच होते.