विहीर, नळ आणि मूत्रपिंड

जालना शहराच्या पूर्वेस मस्तगड उभा आहे. निजाम आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने तो अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात, १७२०च्या दशकात बांधला. या गढीविषयी वाचताना आमचे लक्ष बुरुजांपेक्षा अधिक वेधून घेतले ते आतल्या विहिरीने. ही विहीर फार मोठी असून तिच्या भोवती दालने व सज्जे काढलेले आहेत, असे वर्णन गॅझेटियरमध्ये येते. त्याच जालन्यात मस्तगडाच्याही शंभरेक वर्षे आधी, मलिक अंबरच्या काळात, जमशेदखानाने मोती तलाव बांधला आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत आणले. म्हणजे या एका गावाला पाणी मिळण्याच्या दोन रीती ठाऊक होत्या. एक विहिरीची : खडकाच्या फटींतून, झऱ्यांतून, चोहोबाजूंनी पाणी झिरपत येते. दुसरी नळाची : पाणी एका ठिकाणी साठते आणि ठरलेल्या वाटेने दुसऱ्या ठिकाणी जाते.

वाचकहो, आमचा आजचा विषय किल्ला नव्हे, पाणीपुरवठाही नव्हे. विषय आहे माणसाच्या देहातील मूत्रसंस्था, आणि ती मनुष्याला कशी उमगत गेली याचा इतिहास. साहित्याच्या अभ्यासकांसमोर हा विषय मांडण्याचे कारण असे की हा इतिहास पुष्कळ अंशी उपमांचा आणि शब्दांचा इतिहास आहे. जे डोळ्यांना दिसत नाही ते माणूस आपल्या परिसरातल्या दिसणाऱ्या वस्तूवरून समजून घेतो. पाणी देहात कोठे मुरते आणि कोठून बाहेर येते हे समजून घेताना त्याच्यापुढे विहीर आणि नळ याच दोन प्रतिमा होत्या.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुतखड्याचे, म्हणजे अश्मरीचे विवेचन आहे. तेथे मूत्राशय कसा भरतो हे सांगताना दोन उपमा येतात. नद्या जशा सागराला भरतात, तशा पक्वाशयाकडून येणाऱ्या असंख्य सूक्ष्म नाड्या बस्तीला मूत्राने भरतात, ही पहिली. दुसरी अधिक मनोहर आहे. नवा मातीचा घडा तोंडापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला, तर पाणी तोंडातून आत न शिरताही तो कडांतून पाझरून भरतो; बस्तीचे तसेच समजावे. ज्याने मराठवाड्यातला उन्हाळा काढला आहे, त्याला ही उपमा उलट्या दिशेने परिचयाची असते. नवा माठ बाहेर पाझरतो म्हणूनच पाणी गार राहते. सुश्रुताने तोच पाझर आतल्या दिशेला वळवला.

या चित्रात वृक्क कोठे आहेत? ते आहेत, पण मूत्राच्या प्रकरणात नाहीत. सुश्रुताच्या मते वृक्क रक्त आणि मेद यांच्या प्रसादभागापासून बनतात, आणि ते मेदोवह स्रोतसांचे मूळ आहेत. चरकही वृक्कांना मेदाशीच जोडतो. मूत्रवह स्रोतसांचे मूळ म्हणून चरक बस्ती आणि वंक्षण सांगतो, सुश्रुत बस्ती आणि मेढ्र. म्हणजे इंद्रिय ठाऊक आहे, त्याला नाव आहे, जागा आहे. केवळ मूत्राशी त्याचे नाते जुळलेले नाही. वृक्कांभोवती चरबीचे जाड वेष्टन असते हे ज्याने पाहिले असेल, त्याला हा मेदाचा संबंध अगदीच निराधार वाटणार नाही.

याच वेळी भूमध्य समुद्राकाठी नळाची प्रतिमा आकार घेत होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गालेनने जिवंत प्राण्याच्या मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधून पाहिल्या. मूत्राशय रिकामा राहिला, आणि बांधलेल्या गाठीच्या वर, मूत्रपिंडाच्या बाजूला, वाहिन्या तटतटून फुगल्या. गाठ सोडताच मूत्र खाली उतरले. भरलेला मूत्राशय दाबला तरी मूत्र उलट वर चढत नाही, हेही त्याने पाहून ठेवले. मूत्र आतड्यांतून पाझरत नाही, ते मूत्रपिंडांतून नळाने येते, हे यावरून निश्चित झाले. गालेनचे हे वैद्यक अरबी भाषेत गेले, इब्न सिनाच्या ग्रंथात स्थिरावले आणि युनानी या नावाने हिंदुस्थानात आले. 'युनानी' म्हणजे ग्रीक, हे आपण सहसा विसरतो.

मस्तगड बांधला गेला तो काळ दख्खनेत ही दोन्ही वैद्यके शेजारी शेजारी नांदत असतानाचा. वैद्याच्या पोथीत घडा होता, हकिमाच्या किताबात नळ होता. दोघांच्या शब्दांतही तेच अंतर. वैद्याचे शब्द वृक्क, बस्ती, अश्मरी. हकिमाचे गुर्दा, मसाना आणि कारुरा. 'कारुरा' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ काचेचे भांडे. रोग्याचे मूत्र त्यात धरून त्याचा रंग, गढूळपणा, तळाशी बसणारा गाळ हकीम उजेडात न्याहाळी. पुढे भांड्याचे नाव आतल्या वस्तूलाच चिकटले. 'पेशाब' हाही फारसी समास : पेश म्हणजे पुढचे, आब म्हणजे पाणी. 'गुर्दा' या शब्दाने तर आणखी पुढची मजल मारली. उर्दूत दिल आणि गुर्दा यांची जोडी झाली की तिचा अर्थ होतो हिंमत. साधी गाळणी धैर्याचे आसन होऊन बसली.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. सुश्रुत चुकला आणि गालेन जिंकला, असा निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण चूक कोठून आली ते पाहणे अधिक उपयोगाचे. सुश्रुताने शवविच्छेदनाची रीत सांगितली आहे. शव गवताने गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे, आणि मग वाळ्यासारख्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक अंग डोळ्यांनी पाहावे. प्रत्यक्ष पाहण्याचा एवढा आग्रह प्राचीन जगात दुर्मीळ होता. परंतु मृत देह रचना दाखवतो, क्रिया दाखवत नाही. थांबलेल्या मोटेकडे पाहून पाणी कोणत्या बाजूने चढते हे सांगता येत नाही. गालेनला उत्तर मिळाले ते जिवंत प्राण्याला दोरा बांधल्यामुळे. त्यातल्या क्रौर्याचा भाग निराळा. शरीररचना आणि शरीरक्रिया ही दोन शास्त्रे निराळी का, हे या एका उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच होते.

मात्र गालेनचा नळही अर्धेच उत्तर होता. मूत्र मूत्रपिंडातून येते हे कळले, पण मूत्रपिंडात ते होते कसे? यासाठी पुढची दीड हजार वर्षे जावी लागली. १६६६ मध्ये मालपिगीने सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडातले बारीक दाणे पाहिले. १८४२ मध्ये लंडनला बोमनने दाखवले की प्रत्येक दाणा म्हणजे केशवाहिन्यांचा गुंता असून त्याला एका पेल्यासारख्या पिशवीने वेढलेले असते, आणि त्या पेल्यातूनच मूत्रनलिका निघते. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लुडविगने मत मांडले की रक्ताच्या दाबाने या गुंत्यातून द्रव गाळला जातो आणि नलिकेतून जाताना त्यातला बराचसा पुन्हा रक्तात शोषला जातो. यावर पाऊणशे वर्षे वाद चालला. १९२४ मध्ये वर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातील त्या पेल्यात केसाहून बारीक काचनळी खुपसून थेंबभर द्रव काढला. त्यात प्रथिन नव्हते, पण साखर आणि क्षार होते. मूत्राशयातल्या मूत्रात मात्र तेच पदार्थ आढळले नाहीत. गाळणे आणि परत घेणे, दोन्ही सिद्ध झाले.

आज आपल्याला जे ठाऊक आहे ते थोडक्यात असे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, उदरपोकळीच्या मागच्या भिंतीशी, सुमारे ११ सेंटिमीटर लांबीची दोन मूत्रपिंडे असतात. वर यकृत असल्यामुळे उजवे किंचित खाली. प्रत्येकात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे त्या पेला-नलिकेच्या जोड्या. हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन लहान अवयवांतून फिरतो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि दीडेक लिटर मूत्र बाहेर पडते. उरलेले सारे, शंभरातले नव्व्याण्णव भाग, देह परत घेतो. मूत्र २५ ते ३० सेंटिमीटरच्या मूत्रवाहिन्यांतून खाली येते. या वाहिन्या निव्वळ नळ नव्हेत. त्यांच्या भिंती लाटांसारख्या आकुंचन पावून मूत्र पुढे ढकलतात, म्हणून माणूस आडवा पडला तरी मूत्र खाली उतरतेच. मूत्राशयात त्या तिरप्या शिरतात, म्हणून मूत्र उलट जात नाही.

म्हणजे शेवटी काय दिसले? पेल्याच्या भिंतीतून द्रव झिरपतो, आणि मग तो नळीने वाहतो. विहीर आणि नळ दोन्ही एकाच इंद्रियात आढळले. यावरून सुश्रुताला हे आधीच ठाऊक होते असा निष्कर्ष काढणारे निघतील. त्यांना आमचे नम्र सांगणे की पाझर खरा निघाला तो दुसऱ्या जागी, दुसऱ्या कारणाने. उपमा योग्य दिशेने बोट दाखवू शकते, पण प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही.

असो. आता शब्दांकडे वळू. बोमन आणि लुडविग यांचा शोध ताजा असतानाच, १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊ दाजी लाड तेथल्या पहिल्या तुकडीचे. पुढे त्याच संस्थेत देशी भाषांतून वैद्यक शिकवण्याचे वर्गही निघाले. इकडे निजामाच्या हैदराबादेत १८४६ मध्ये वैद्यकाची शाळा उघडली आणि तेथले शिक्षण उर्दूतून होऊ लागले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले, त्याचीही माध्यमभाषा उर्दू. जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. तेव्हा घरात मराठी बोलणारा जालन्याचा विद्यार्थी वैद्यक शिकायला राजधानीत गेला, तर त्याला ते उर्दूतून शिकावे लागे. जालन्याच्या छावणीमुळे आणि मिशनच्या दवाखान्यामुळे इंग्रजी शब्दही आले होतेच. एकाच अवयवाला एकाच गावात चार नावे असण्याचा हा प्रकार मराठवाड्याच्या भाषिक इतिहासात नवलाचा नाही.

यांपैकी 'मूत्रपिंड' हे नाव आम्हांला विशेष विचारणीय वाटते. वृक्क हा जुना शब्द आयता उपलब्ध होता. हिंदीने शास्त्रासाठी तोच घेतला. मराठी विश्वकोशात आणि शालेय पुस्तकांतही तो भेटतो. पण मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला तो मूत्रपिंड. 'वृक्क' ऐकून ते इंद्रिय काय करते याचा बोध होत नाही. 'मूत्रपिंड' म्हणताच होतो. सुश्रुताने ज्या दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या, त्या या समासाने जोडल्या. जुना वाद ज्या बाजूने निकालात निघाला ती बाजू नावातच नोंदली गेली. परिभाषा म्हणजे केवळ प्रतिशब्दांची यादी नव्हे. प्रत्येक चांगला पारिभाषिक शब्द एक लहानसा सिद्धान्त असतो. उलट 'बस्ती' पाहा. तो मूत्राशयही आणि एनिमाही, कारण एनिमा देण्याची पिशवी पूर्वी जनावराच्या मूत्राशयाची करीत. शब्दाने वापर लक्षात ठेवला, पण संदिग्धता पत्करली. मराठीने मूत्राशय हा शब्द स्वीकारून ती दूर केली.

लोकभाषेचा व्यवहार याहून वेगळा. 'लघवी' हा संकोचाचा शब्द, लघु या विशेषणातून आलेला. 'मुतखडा' रोखठोक. आणि 'उन्हाळी लागणे' हा प्रयोग तर आम्हांला साऱ्यांत अर्थपूर्ण वाटतो. लघवी करताना आग होण्याला मराठीने ऋतूचे नाव दिले. घाम जास्त, पाणी कमी, म्हणून मूत्र दाट. हे निदान त्या एका शब्दात दडलेले आहे. देहातला कचरा बाहेर टाकायला दिवसाला निदान अर्धा लिटर तरी मूत्र व्हावे लागते. त्याहून अधिक काटकसर मूत्रपिंडालाही जमत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर अवलंबून होते. अशा दिवसांत घरातले कोण कमी पाणी पिते, आणि आडोसा नाही म्हणून शेतात कोण दिवसभर लघवी रोखून धरते, हे सांगायला नको. त्या बाईला जंतुसंसर्ग झाला तर तोही 'उन्हाळी' या नावाखाली सहन केला जातो. जो शब्द एका पिढीला कारण सांगत होता, तोच दुसऱ्या पिढीत दवाखाना टाळण्याची सबब होतो. शब्दातला सिद्धान्त वेळोवेळी तपासला नाही की असे घडते.

'मूत्रपिंड'ही याला अपवाद नाही. हे इंद्रिय रक्तदाब सांभाळते, तांबड्या पेशी घडवण्याचा संदेश हाडांच्या मगजाला देते, ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देते. मूत्र हे त्याच्या अनेक कामांपैकी एक. म्हणून मूत्रपिंडे निकामी झालेला रोगी कधीकधी बेसावध राहतो : लघवी तर होते आहे, मग बिघडले काय? आता तर 'किडनी' आणि 'डायलिसिस' हे शब्द खेड्यापाड्यांत रुळले आहेत. आम्हांला त्यांचा राग नाही. जो शब्द रोग्याला कळतो तो आपला. प्रश्न एवढाच आहे की 'किडनी' म्हणताना ऐकणाऱ्याच्या मनात काही चित्र उमटते का, की ते अवयवाचे नाव न राहता आजाराचेच नाव होऊन बसते.

जालन्याने विहीर पाहिली, नळ पाहिला आणि टँकरही पाहिला. वैद्यकाचे मराठी लिहिणाऱ्याने यांपैकी एखादी प्रतिमा हाताशी धरावी, आणि ती कोठवर नेते व कोठे सोडून देते तेही प्रामाणिकपणे सांगावे. दाखल्यावर सही करायला सांगितलेल्या माणसाला, आपल्या पाठीत मुठीएवढे दोन अवयव दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातले जवळजवळ सारे परत देतात, एवढे कोणी त्याच्या भाषेत सांगितले, तरी तो सही करताना काय गमावणार आहे किंवा वाचवणार आहे ते त्याला कळेल.