तार आणि तिचे मोल

मिरजेच्या कारागिराकडे तंबोऱ्याची जवारी लावताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा घातला, तो योग्य जागी सरकवला, की मघापर्यंत मुका वाटणारा तंबोरा एकाएकी बोलू लागतो. त्या धाग्याची किंमत विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

हे आठवण्याचे कारण असे, की एका होतकरू गिटारवादकाने आम्हांला मध्यंतरी एक प्रश्न विचारला. वाद्यापासून ध्वनिवर्धकापर्यंत जाणारी केबल भारी किमतीची घेतली, तर वादन खुलते असे दुकानदार सांगतो; मग वर्षभराच्या शिकवणीसाठी साठवलेले पैसे तिच्यावर घालावे काय? मुलाचा चेहरा गंभीर होता. म्हणून प्रश्न हसण्यावारी न नेता आम्ही त्याचा इतिहास धुंडाळला.

तारेतून जाताना संदेशाचे काय होते, हे माणसाला प्रथम नीट उमगले ते गाण्याच्या बैठकीत नव्हे, तर अटलांटिक महासागराच्या तळाशी. ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड आणि न्यू फाउंडलंड यांच्यामध्ये पहिली समुद्रतार टाकून पुरी झाली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांना ९८ शब्दांचा संदेश धाडला. तो पोचायला सुमारे १६ तास लागले! तारेचे विद्युत्‌कार्य वाइल्डमन व्हाइटहाउस या गृहस्थांकडे होते. मूळचे ते वैद्य. संकेत क्षीण येतात, तर विजेचा दाब वाढवा, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांनी सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला. तारेत आधीच दोष होते. त्यात हा मारा. काही आठवड्यांतच ती कायमची मूक झाली.

ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन यांनी १८५४-५५ मध्येच गणिताने दाखवून दिले होते, की अशा तारेची लांबी दुप्पट झाली तर संकेताचा विलंब चौपट होतो. उपाय दाब वाढवण्यात नाही, तांबे जाड व शुद्ध घेण्यात आणि आवरण पुरेसे देण्यात आहे. बाजारातल्या निरनिराळ्या तांब्यांच्या वाहकतेत केवढा फरक असतो, हेही त्यांनी मोजून दाखवले. १८५८ च्या तारेत दर सागरी मैलास १०७ पौंड तांबे होते. १८६५-६६ च्या तारांत ते ३०० पौंड झाले. १८६६ साली दोन्ही खंड कायमचे जोडले गेले. तेव्हा महाग तार ही थोतांड नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पण ती महाग होती म्हणून चालली नाही. मोजून घेतली होती म्हणून चालली.

पुढे १८७६ साली टेलिफोन आला आणि तारेला माणसाचा आवाज वाहून न्यावा लागला. लांबच्या तारेवर तो चिरफाळे. याचे मर्म उकलले ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी. लहानपणच्या आजाराने त्यांना कमी ऐकू येई. पण तारेतल्या आवाजाचे गणित त्यांच्याइतके कोणालाच ऐकू आले नाही. त्यांनी सिद्ध केले, की तारेचे गुणदोष चार राशींत सामावतात : रोध, प्रवर्तकत्व, धारकता आणि आवरणातून होणारी गळती. किंमत ही पाचवी राशी त्यांच्या समीकरणात नाही.

आता महासागरातून खोलीत येऊ. ध्वनिक्षेपकाला जाणारी अडीच चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची तार पाच मीटर घेतली, तर जाऊनयेऊन तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. क्षेपकाचा स्वतःचा ८ ओहम. म्हणजे शंभरातला एक भागही नाही! १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत भारी केबलींचा व्यापार फोफावला. त्याने शुद्ध तांब्याची महती सांगितली. ती खरीच होती, पण हजारो किलोमीटरांच्या तारेची. सागराचा युक्तिवाद चार हातांच्या दोरीला बांधला, एवढेच.

गिटारची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे, आणि इथे न्याय केला पाहिजे. तिच्या पिकअपमध्ये हजारो वेढ्यांचे वेटोळे असते. केबलच्या धारकतेशी त्याचा अनुनाद जमतो. वेटोळ्याचे प्रवर्तकत्व अडीच हेन्री आणि एकूण धारकता ४०० पिकोफॅरड धरली, तर अनुनाद ५००० हर्ट्झच्या आसपास येतो. केबल तीन मीटर वाढवून धारकता ७०० केली, की तो ३८०० वर उतरतो. आवाज मऊ होतो. सरावलेल्या कानाला हे कळते. अर्थात तार आवाज बदलते! पण बदलते ती लांबीने व धारकतेने. त्याच धारकतेची स्वस्त केबल तेच करील. पैसे द्यायचे तर भक्कम प्लग, चांगला सोल्डर आणि दाट जाळी यांसाठी द्यावे. मैफलीच्या मध्यात घरघर सुरू होऊ नये, हे मोल खरे आहे.

मग ज्यांना फरक ‘ऐकू येतो’, ते खोटे बोलतात काय? मुळीच नाही. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून त्यांना सहा वाद्ये वाजवायला दिली : तीन नवी, दोन स्ट्राडिव्हारीची, एक ग्वार्नेरीचे. सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिव्हारीला. आणि आपल्याला आवडलेले वाद्य जुने की नवे, हे बहुतेकांना सांगता आले नाही. त्या वादकांचे कान उत्तमच होते. पण डोळ्यांना नाव आणि किंमत दिसली, की डोळा कानात कुजबुजतो, आणि ती कुजबुज माणसाला स्वतःच्या ऐकण्याचाच भाग वाटते. 

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले : दोन्ही केबली सारख्याच लांबीच्या आण, पाठ फिरवून बस, आणि मित्राला न सांगता त्या अदलूनबदलून लावू दे. वीस वेळा ओळखून दाखव, मग पैसे दे. त्याने दुकानात नव्हे, घरी हा खेळ केला. नऊ वेळा ओळखले. नाणे उडवूनही साधारण तितकेच जमते. पैसे शिकवणीला गेले.

तंबोऱ्याचा धागा बिनमोलाचा असतो. पण तो नेमका कुठे सरकवायचा, हे कळण्याला मात्र अर्धे आयुष्य मोजावे लागते. वादकाने किंमत मोजायची ती तिथे.