चिटणिसाचें दप्तर

मोठ्या इमारतीच्या कोनशिलेवर राजाचें नांव असतें, मंत्र्याचें असतें, आणि वास्तुशिल्पी भाग्यवान् असल्यास त्याचेंही असतें. परंतु देशोदेशींच्या वास्तुशिल्प्यांस ज्या संस्था एकत्र आणतात, त्यांचे चिटणीस कोणत्याही शिलेवर सांपडत नाहींत. त्यांचें काम कागदावर होतें आणि कागदांतच राहतें. ज्या समाजाचा इतिहास दप्तरांच्या रुमालांतून बाहेर आला, त्या समाजांतील वाचकास अशा कामाची थोरवी सांगावयास नको. प्रस्तुत लेखांत अशाच एका दप्तराची हकीकत सांगावयाची आहे. तें दप्तर वास्तुशिल्प्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाचें. आणि १९४८ पासून १९६९ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षें, तें संभाळणारे सरचिटणीस पिएर वागो हे होत.

या हकीकतीचा आरंभ मात्र १९२७ सालच्या एका भांडणांत आहे. राष्ट्रसंघास जिनीव्हा येथें आपल्या कचेऱ्यांसाठीं प्रासाद बांधावयाचा होता. त्याकरितां लावलेल्या चढाओढींत ३७७ आराखडे आले. व्हिक्टर होर्ता यांच्या अध्यक्षतेखालीं बसलेल्या परीक्षकांचें एकमत होईना. तेव्हां त्यांनीं एकाऐवजीं नऊ आराखड्यांस सारखींच पहिलीं बक्षिसें वांटून टाकलीं. निकाल लागला, परंतु निर्णय झाला नाहीं. तो मुत्सद्द्यांच्या हातीं गेला. या नवांत ल कॉर्बुझिए व त्यांचे चुलतबंधु पिएर जान्रे यांचाही आराखडा होता. त्यावर आक्षेप असा निघाला कीं, नियमाप्रमाणें नकाशे शाईनें रेखलेले नसून ते छापून काढलेल्या प्रती आहेत. अखेर काम नेनो, फ्लेगेनहायमर, ब्रोज्जी, लफेव्र आणि वागो या पांच जणांस मिळून देण्यांत आलें. यांतील वागो म्हणजे हंगेरीचे योझेफ वागो. पिएर वागो यांचे ते वडील.

शाईचा नियम असणें हा कांहीं अन्याय नव्हे. परंतु त्या नियमाचा अर्थ कोणीं लावावयाचा, केव्हां लावावयाचा, आणि परीक्षकांचा शब्द अखेरचा कीं मुत्सद्द्यांचा, हें आधीं निश्चित नसणें हा मात्र अन्याय होय. ज्यानें रात्रीचा दिवस करून आराखडा रेखला, त्याला आपण कशाच्या बळावर हरलों हें तरी कळलें पाहिजे.

या प्रकरणाच्या चिडीचा वांटा असलेली एक संस्था पुढल्याच वर्षीं उभी राहिली. जून १९२८ मध्यें स्वित्झर्लंडमधील ला सारा येथें, एलेन द मांद्रो या बाईंच्या गढींत, नव्या विचाराचे वास्तुशिल्पी जमले आणि आधुनिक वास्तुकलेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा पाया घातला गेला. जिनीव्हाच्या परीक्षकांपैकींच एक, कार्ल मोझर, तिचे पहिले अध्यक्ष झाले. चिटणीस झाले झीगफ्रीड गीडिऑन. ते कलेतिहासकार होते, इमारती बांधणारे नव्हते. १९३३ सालीं मॉस्कोचें अधिवेशन बारगळलें, तेव्हां परिषदेनें ‘पात्रिस द्वितीय’ या जहाजावर मार्सेयहून अथेन्सच्या वाटेवर आपली सभा भरविली व ३३ शहरांचे नकाशे एकाच मापानें आणि एकाच खुणांनीं काढलेले समोर ठेवले. निरनिराळ्या देशांतील मंडळींकडून एकाच मापाचे नकाशे करून घेणें हें किती पत्रांचें काम असेल, हें ज्यानें एखाद्या संमेलनाचें चिटणीसपद भूषविलें आहे त्यानेंच ताडावें. परंतु ही परिषद समानमतांची होती. पुढील पिढीचें मत फिरलें, तेव्हां धरून ठेवावयास दुसरें बंधन उरलें नाहीं. १९५९ सालीं ऑटर्लो येथें तिनें आपला कारभार आटोपला.

वागो यांनीं निराळी वाट धरली. बुडापेस्ट येथें १९१० सालीं जन्मलेला हा गृहस्थ फ्रान्समध्यें शिकला, तेथील एका प्रमुख वास्तुविषयक मासिकाचा संपादक झाला, आणि १९३२ सालीं त्यानें वास्तुशिल्प्यांच्या आंतरराष्ट्रीय भेटींचा उपक्रम सुरू केला. ही मंडळी व १८६७ पासूनची एक जुनी स्थायी समिति यांचा मिलाफ होऊन २८ जून १९४८ रोजीं लोझान येथें नवा संघ स्थापन झाला. २७ देशांचे प्रतिनिधी त्या वेळीं हजर होते. अध्यक्ष इंग्लंडचे पॅट्रिक अ‍ॅबरक्रॉम्बी, सन्माननीय अध्यक्ष फ्रान्सचे ओग्युस्त पेरे, आणि सरचिटणीस वागो. महायुद्ध संपून तीनच वर्षें झालीं होतीं आणि युरोपचे पुन्हा दोन तट पडत होते.

अशा वेळीं जो कारभार उभारावयाचा, त्याची घटना साधी असावी लागते. संघांत व्यक्तीला नव्हे, तर देशाला जागा. आणि एका देशाला एकच शाखा. एका देशांत चार संस्था असल्या, तर त्यांनीं आपसांत मिटवून एकत्र यावें. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या भाषा अधिकृत. म्हणजे प्रत्येक ठरावाचें शब्दशः भाषांतर आलें, आणि एका विशेषणावरून उद्भवणारा वादही आला. सपाट छप्पर बरें कीं उतरतें, याविषयीं मात्र संघानें मत द्यावयाचें नाहीं. मतावर न उभारल्यामुळेंच संघाचीं अधिवेशनें १९५८ सालीं मॉस्कोस, १९६१ सालीं लंडनास आणि १९६३ सालीं, क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगाला एक वर्ष होतें न होतें तोंच, हवानास भरूं शकलीं. हवानाच्या वेळीं अध्यक्षपदीं स्कॉटलंडचे रॉबर्ट मॅथ्यू होते.

तथापि या दप्तरांतला सर्वांत मोलाचा कागद मला निराळाच वाटतो. १९५६ सालच्या डिसेंबरांत नवी दिल्ली येथें युनेस्कोच्या सर्वसाधारण सभेनें आंतरराष्ट्रीय वास्तुस्पर्धांचे नियम मंजूर केले; त्यांवर देखरेख ठेवण्याचें काम संघाकडे आलें. स्पर्धकाचें नांव झांकलेलें असावें. परीक्षक निरनिराळ्या राष्ट्रांचे व त्यांत बहुसंख्य स्वतंत्र वास्तुज्ञ असावे. बक्षिसाची रक्कम आधींच जाहीर व्हावी. आणि परीक्षकांचा निर्णय अखेरचा मानावा. कलमें रूक्ष आहेत, परंतु प्रत्येकामागें जिनीव्हाची सावली दिसते. आज्ञा मोडून केलेला आराखडा आजही बाद होतो. शाईचा नियम पाळावाच लागतो. मात्र तो कोणीं लावावयाचा हें आतां ठरलेलें आहे. १९८९ सालीं अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयासाठीं युनेस्को व हा संघ यांच्या साह्यानें झालेल्या स्पर्धेंत पांचशेंहून अधिक आराखडे आले. त्यांतून स्नोहेट्टा या नांवाच्या, तोंवर जगास अपरिचित असलेल्या, तरुणांच्या मंडळीची निवड झाली. नांव झांकलेलें होतें म्हणूनच त्यांचें काम दिसलें.

अशा संस्थांचे ठराव गुळमुळीत असतात, त्यांतून कलेला नवी दिशा मिळत नाहीं, असा आक्षेप घेतात. तो खोटा नाहीं. गीडिऑन यांच्या परिषदेनें एका पिढीचें डोकें फिरविलें. वागो यांच्या संघाविषयीं कोणी तसें म्हणणार नाहीं. परंतु विचार सुचविणें हें एक काम, आणि विचार करणाऱ्याचा आराखडा निःपक्षपातानें पाहिला जाईल अशी तजवीज करणें हें दुसरें. पहिल्याला प्रतिभा लागते. दुसऱ्याला वर्गणीची यादी, वेळेवर निघालेलें परिपत्रक, आणि स्वतःचें मत गिळण्याचा संयम.

या दुसऱ्या कामाशीं आपलाही संबंध आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून शिकून निघालेल्या वास्तुविद्यार्थ्यांनीं १९१७ सालीं जें मंडळ काढलें, त्यांतूनच आजची भारतीय वास्तुशिल्प्यांची संस्था वाढली, आणि तीच या संघाची भारतीय शाखा आहे. १९७५ ते १९७८ पर्यंत जय रतन भल्ला हे संघाचे अध्यक्ष होते. १९९० सालीं संघाचें सुवर्णपदक मुंबईच्या चार्ल्स कोरिया यांस मिळालें. पदकें लोकांच्या स्मरणांत राहतील. परंतु एखाद्या आडगांवच्या मुलाचा आराखडा उद्यां परक्या देशांत केवळ एका आंकड्याच्या खुणेनें उघडला जाईल व त्याच्या गुणावर पारखला जाईल, तेव्हां तो ज्याच्या आधारावर उभा असेल तें चिटणिसाचें दप्तरच होय.