घरातल्या आठवणींच्या वस्तूंचे फोटो : थोडी उपयुक्त माहिती

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि पुढच्या काही महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीय मायदेशी परतले. बरेचसे बसने अम्मानपर्यंत आणि तिथून विमानाने. हातात मावेल तेवढेच सामान बरोबर आले. अल्बम, पत्रे, देवघरातल्या वस्तू अनेकांना मागेच ठेवाव्या लागल्या.

आज तशी वेळ नाही. तरी अबू हलीफात आपण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि नोकरी संपली की थोड्या दिवसांत घर आवरावे लागते. विमानाच्या वजनात सगळे बसत नाही. म्हणून एखादा शुक्रवार या कामासाठी काढावा.

कोणत्या वस्तू निवडाव्यात?
किमती वस्तूच हव्यात असे नाही. देवघरातले टाक, समई, आजीची पैठणी, जुन्या लुगड्यांची गोधडी, आईच्या हातची पाककृतींची वही, एरोग्राम, मोडीतले कागद. पहिल्या दिवशी दहाच वस्तू घ्या, म्हणजे काम पुरे होईल.

प्रकाश
आपला किनारा पूर्वेला असल्याने समुद्राकडच्या खिडकीत सकाळी ऊन थेट येते. पातळ पांढरा पडदा ओढा किंवा दुपारी फोटो घ्या. फ्लॅश आणि ट्यूबलाइट बंद ठेवा. पितळ-चांदीवर खोलीचे प्रतिबिंब पडते, म्हणून बाजूला पांढरा थर्माकोल उभा करावा. उन्हाळ्यात एसीतून कॅमेरा बाल्कनीत नेला की दमट हवेमुळे भिंगावर वाफ धरते, तेव्हा काम घरातच करावे. भिंगावरची धूळ आधी मऊ कापडाने पुसावी.

प्रत्येक वस्तूचे चार फोटो
१) साध्या एकरंगी चादरीवर पूर्ण वस्तू, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळतो.
२) मागची किंवा खालची बाजू. भांड्यावर कोरलेले नाव बहुधा तिथेच असते.
३) जवळून बारकावा : पदराची वीण, वहीवरचा तेलाचा डाग.
४) वस्तू घरात रोज जिथे असते तिथे, शक्यतो वापरणाऱ्याच्या हातात.
पत्रांचे फोटो अगदी वरून, दोन्ही बाजूंनी घ्यावेत. पाकिटावरचा टपालाचा शिक्काही घ्यावा, त्यावर तारीख असते.

माहिती लिहून ठेवा
नुसता फोटो वीस वर्षांनी मुका होतो. वस्तू कोणाची, कुठल्या गावची, घरात कशी आली, हे चार ओळींत लिहा. आई-बाबा भेटीला आले असतील तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. हे काम पुढे ढकलू नये, कारण सांगणारी माणसे कायम राहत नाहीत. फाइलला '१९६८-आजीची-पैठणी' असे नाव द्यावे.

तीन प्रती
एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक भारतात भावंडांकडे किंवा इंटरनेटवरील खात्यात. तिन्ही एकाच घरात ठेवू नयेत. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात घराघरांत पाणी शिरले होते, हे लक्षात असू द्या. दागिन्यांचे फोटो मात्र सर्वांना दिसतील असे कुठेही टाकू नका.

मुलांनाही हाताशी घ्या. फोटो ती काढतील, गोष्ट तुम्ही सांगा.