लिनक्स-प्रणालींवरील स्थापना-मार्गदर्शिका: एका लेखनप्रकाराची जडणघडण

संगणकावर एखादी आज्ञावली कशी बसवावी हे सांगणारे लेखन सामान्यतः इतिहासाचा विषय मानले जात नाही. ते कामापुरते वाचले जाते आणि काम उरकले की विसरले जाते. लिनक्सच्या बाबतीत मात्र या लेखनाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. येथे प्रणालीचा कोणी एक धनी नाही. एकाच गाभ्यावर अनेक मंडळींनी आपापली वितरणे उभारली. त्यामुळे मार्गदर्शिकेचा वाचक कोणत्या प्रणालीसमोर बसला आहे, हा प्रश्न तिच्या लेखकापुढे आरंभापासूनच उभा राहिला.

लिनस टॉर्वाल्ड्स याने 1991 मध्ये हेलसिंकी येथे जे प्रसिद्ध केले तो केवळ गाभा होता. तो वापरू पाहणाऱ्यास मिनिक्स ही प्रणाली अवगत असणार, असे गृहीत धरलेले होते. पुढील वर्षी मँचेस्टरच्या संगणनकेंद्रातून 'एमसीसी इंटरिम' व त्याच सुमारास 'एसएलएस' ही वितरणे निघाली. 1993 मध्ये स्लॅकवेअर व डेबियन आली. वाचकवर्ग बदलला तो येथे. आता प्रणाली बसविणारा मनुष्य ती रचणाऱ्यांपैकी असेलच, असे उरले नाही.

लिनक्स दस्तऐवज प्रकल्प 1992 मध्ये सुरू झाला, तो या नव्या वाचकासाठी. मॅट वेल्श याचा स्थापनेवरील ग्रंथ व त्याच प्रकल्पातील 'हाउटू' नावाच्या पुस्तिका हे या लेखनप्रकाराचे पहिले प्रौढ नमुने होत. त्यांतील सावधगिरीच्या सूचना आज वाचताना अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. पण तबकडीचे विभाजन करताना एक अंक चुकला तर जुन्या प्रणालीसह सारी कागदपत्रे नाहीशी होत, आणि पडद्याच्या कंप्रतेचे आकडे चुकीचे दिले तर त्या काळचा पडदा खरोखरच बिघडू शके. स्लॅकवेअरने तर आपल्या फ्लॉपींच्या मालिकांपैकी 'एफ' ही मालिका केवळ अशा पुस्तिकांसाठी राखून ठेवली होती. अर्थात, प्रणाली बसल्यावाचून ती वाचणे अनेकांना शक्य नव्हते, हा भाग वेगळा!

आज्ञावली मूळ संहितेच्या रूपात वाटल्या जात तोवर भिन्नतेची अडचण काहीशी झाकलेली राहिली. ग्नू प्रकल्पाच्या 'ऑटोकॉन्फ' या साधनामुळे, जे 1991 मध्ये सुरू झाले, संहितेसोबतची 'इन्स्टॉल' ही टिपण-संचिका जवळजवळ सर्वत्र सारखीच झाली. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या तीन आज्ञा कोणत्याही प्रणालीवर त्याच. वाचकाची प्रणाली ओळखण्याचे काम लेखकाकडून यंत्राकडे गेले. पण याची किंमत मार्गदर्शिकेत क्वचितच नमूद होई: अशा रीतीने बसविलेल्या आज्ञावलीची नोंद प्रणालीपाशी राहत नसे, म्हणून ती काढून टाकणे वा अद्ययावत करणे ही जबाबदारी वाचकाच्या स्मरणशक्तीवर पडे.

ती नोंद ठेवण्यासाठी डेबियनने डीपीकेजी व रेड हॅटने आरपीएम ही साधने निर्माण केली, आणि खरी फाटाफूट येथून सुरू झाली. पुष्कळ लेखकांची समजूत अशी दिसते की, एकीकडे 'आप्ट' व दुसरीकडे 'यम' एवढे लिहिले म्हणजे भेद मिटला. वस्तुतः आज्ञेचा भेद हा सर्वांत वरवरचा होय. अपाची या सर्वपरिचित सेवा-आज्ञावलीचे उदाहरण पाहावे. डेबियन-कुळात तिच्या संपुटाचे नाव 'अपाची 2', तर रेड हॅट-कुळात 'एचटीटीपीडी'. रचना-संचिका भिन्न नावाच्या निर्देशिकांत असतात. सेवा ज्या खात्याच्या नावे चालते ते एकीकडे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', दुसरीकडे 'अपाची'. सर्वांत फसवा भेद वेगळाच आहे. डेबियनवर संपुट बसताच सेवा सामान्यतः आपोआप सुरू होते. रेड हॅटवर ती मुद्दाम सुरू करावी लागते. म्हणजे एका वाचकासाठी जी पायरी अनावश्यक, तीच दुसऱ्यासाठी अपरिहार्य. आणि पहिल्याच्या यंत्रावर ती सेवा, त्याने रचना तपासण्यापूर्वीच, जाळ्यावर उघडी होऊन बसलेली असते. ज्या मार्गदर्शिकांनी दोन्ही कुळांना एकच पाठ दिला त्या येथेच अडखळल्या.

भेद लेखनात सांभाळण्यापेक्षा मुळातूनच घालवावा, असाही प्रयत्न झाला. संचिकांच्या स्थानांविषयीचे मानक फेब्रुवारी 1994 मध्ये निघाले आणि ते बऱ्याच अंशी रुजले. 2001 मधील 'लिनक्स स्टँडर्ड बेस' या मानकाची आकांक्षा मोठी होती. तथापि त्याने संपुटाचा प्रकार म्हणून आरपीएमच स्वीकारला. डेबियनला रूपांतराच्या साधनावर विसंबावे लागले, व 2015 मध्ये त्या प्रकल्पाने या मानकाचा बहुतांश आधार सोडून दिला. प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाची रीत सर्वांची रीत म्हणून घोषित केल्याने एकवाक्यता येत नाही, हे मानक रचणाऱ्यांनी पुरेसे ओळखले नव्हते, असेच म्हणावे लागते.

त्यामानाने डेबियनच्याच स्थापना-पुस्तिकेने काढलेला मार्ग अधिक विचारपूर्वक आहे. 2005 च्या 'सार्ज' आवृत्तीला अकरा प्रकारच्या यंत्ररचनांचा आधार होता. त्यांच्यासाठी अकरा स्वतंत्र ग्रंथ न लिहिता एकाच मूळ पाठात विशिष्ट परिच्छेदांना यंत्रनिहाय खुणा करण्यात आल्या, व त्यांवरून प्रत्येक यंत्राची वेगळी प्रत काढण्यात आली. वाचकास आपल्याशी संबंध नसलेले वाक्य वाचावे लागले नाही. अलीकडच्या फ्लॅटपॅक व स्नॅप या पद्धतींत आज्ञावली आपले बहुतेक अवलंबित भाग स्वतःबरोबर आणते. त्यामुळे पाठ पुन्हा एकच होऊ शकतो. मात्र आरंभी ती पद्धत चालविणारे साधन बसवावे लागते, आणि ते कसे बसवावे हे प्रत्येक वितरणासाठी निराळेच सांगावे लागते.

मराठी वाचकाचा या इतिहासात प्रवेश उशिरा झाला, व त्याचे कारण भाषांतरकारांच्या अनास्थेत शोधणे अन्यायाचे होईल. डेबियनचा जुना स्थापक अक्षर-पडद्यावर चाले. देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा त्यावर नीट उमटत नसत. 2007 च्या 'एच' आवृत्तीत चित्रमय स्थापक आला, तेव्हा ही अडचण दूर झाली. फेब्रुवारी 2009 मधील 'लेनी' आवृत्तीच्या स्थापकात ज्या नव्या भाषा दाखल झाल्या, त्यांत आम्हारिक, आयरिश, उत्तर सामी व सर्बियन यांच्यासमवेत मराठीही होती.