दुधी काच आणि डोंगरावरचा धूर

मंडळी, न्यायदर्शन शिकवायला घेतलं की पहिल्या काही तासांतच एक डोंगर येतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे. कशावरून? जिथं जिथं धूर, तिथं तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघरात. ही व्याप्ती. आज विषय विषाणुजन्य न्यूमोनियाच्या इतिहासाचा, त्यात हा डोंगर कशाला, असं वाटेल. पण फुप्फुसाच्या फोटोत पांढरं दिसलं, म्हणजे आत विषाणू आहे, हे अनुमान त्याच जातीचं आहे.

जुना न्यूमोनिया तसा सरळ. हुडहुडी भरून एकाएकी ताप, एका कुशीत कळ, गंजाच्या रंगाचा बेडका. लायनेक यांनी 1816 मध्ये पॅरिसला स्टेथोस्कोप काढला. तो लावला की त्या जागचा श्वासाचा आवाज बदललेला. 1895 मध्ये रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले, आणि पुढे फोटोतही तोच भाग पांढरा दिसू लागला. कान सांगे तेच डोळा सांगे.

1938 मध्ये अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या हॉबर्ट रायमन यांनी वेगळेच रुग्ण नोंदवले. दुखणं हळूहळू चढायचं. डोकेदुखी, घाम, कोरडा खोकला, बेडका जवळजवळ नाहीच. अशा दुखण्यात छाती तपासली तर फारसं काही ऐकू येत नाही, आणि एक्स-रे काढावा तर न्यूमोनिया! नेहमीचे जीवाणू सापडेनात, म्हणून नाव पडलं 'अटिपिकल', म्हणजे नेहमीसारखा नसलेला. (नकारातून केलेली व्याख्या कशी फसते, हे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.) दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावण्यांत हा आजार बराच दिसला आणि लोक त्याला सर्रास 'व्हायरस न्यूमोनिया' म्हणू लागले. 1944 मध्ये मनरो ईटन यांना अशा रुग्णांच्या थुंकीत एक घटक मिळाला. जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून तो पार व्हायचा, म्हणून तोही विषाणूच ठरला. 1962 मध्ये चॅनॉक, हेफ्लिक आणि बराइल यांनी तो जिवंत पेशींशिवाय, नुसत्या पोषक माध्यमावर वाढवून दाखवला. विषाणू असा वाढत नाही, बरं का. तो निघाला मायकोप्लाझ्मा, पेशीभित्तिका नसलेला एक चिमुकला जीवाणू. काही रुग्णांना खरोखर विषाणूच होता, पण बऱ्याच जणांना हा. फरक नावापुरता नव्हता. मायकोप्लाझ्मावर टेट्रासायक्लिनसारखं औषध चालतं, विषाणूवर चालत नाही.

आपल्याकडच्या जुन्या आचार्यांना ही अडचण चांगली माहीत होती. लांबून धुक्यालाच धूर समजणारा माणूस त्यांच्या ग्रंथांत आहे. आणि उलट बाजूनं लोखंडाचा तापलेला गोळाही आहे. त्यात अग्नी आहे, धूर नाही.

आता सीटी स्कॅनकडे येऊ. हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर 1971 मध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. पुढे फुप्फुसाचे बारीक काप दिसू लागले आणि 'ग्राउंड ग्लास' हा शब्द रुळला. आपली न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच, तेच ते. पांढुरकं दिसतं, पण त्यातून रक्तवाहिन्यांच्या रेषा ओळखू येतात. त्या झाकल्या गेल्या तर त्याला दुधी काच म्हणत नाहीत, तिथं फुप्फुस घट्ट झालेलं असतं. कोविडमध्ये ही दुधी काच बहुधा दोन्ही फुप्फुसांत, कडेकडेला, खालच्या आणि मागच्या भागात दिसे. पण फुप्फुसात पाणी साचलं, रक्तस्राव झाला, एखादं औषध बाधलं, तरी दुधी काच दिसतेच. म्हणजे पुन्हा धुकं.

फेब्रुवारी 2020 मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात तपासण्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा लक्षणं आणि छातीचा फोटो यांवरून झालेलं निदानही आकड्यांत धरायचं ठरलं. एका दिवसात 14,840 नवे रुग्ण, त्यातले 13,332 असे! आठवड्याभरात ती पद्धत बंद झाली. मला विचाराल तर तो निर्णय चूक नव्हता. गावभर आग लागलेली असताना धूर दिसला की पाणी घेऊन धावायचं असतं.

आपल्या महाराष्ट्रात मात्र गोष्ट पुढे गेली. 'स्कोअर किती?' हा प्रश्न 'तब्येत कशी?'च्या जागी आला. हा स्कोअर काय होता? उजव्या फुप्फुसाचे तीन कप्पे, डाव्याचे दोन, प्रत्येकाला शून्य ते पाच, मिळून पंचवीस. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारनं या तपासणीचे कमाल दर ठरवले, यंत्रानुसार दोन ते तीन हजार रुपये. परीक्षेच्या गुणांसारखे आकडे घरोघर फिरू लागले.

डायमंड प्रिन्सेस जहाजावरच्या बाधितांपैकी 104 जणांचे स्कॅन जपानी डॉक्टरांनी तपासले. 76 जणांना काहीच लक्षण नव्हतं, आणि त्यांतल्या 41 जणांच्या फुप्फुसांत डाग होते. चालतीबोलती माणसं. आपल्याकडे अशा माणसाच्या हातात रिपोर्ट पडला की घर हादरे, बोटावरच्या ऑक्सिमीटरवर सत्त्याण्णव असले तरी.

तापलेल्या गोळ्याचंही उदाहरण मिळालं. चीनमधल्या रुग्णांच्या एका अभ्यासात, लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत स्कॅन झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा स्कॅन स्वच्छ होता. ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे भरून स्कॅन करणाऱ्याला शून्य स्कोअर मिळणं अगदी शक्य होतं, आणि तो शून्य दाखवून घरी सगळ्यांच्या पंगतीला बसणंही.